मुकुंदवाडी-चिकलठाणा परिसरातील लघुउद्योग आणि औद्योगिक पुरवठा साखळीचे डिजिटलीकरण : एक विवेचन

१. प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पूर्व भागात जालना रस्त्यालगत मुकुंदवाडी वसलेली आहे. पूर्वी स्वतंत्र खेडे असलेली ही वस्ती आज शहराचा अविभाज्य भाग झाली असून तिच्या एका बाजूस सिडकोच्या वसाहती, तर दुसऱ्या बाजूस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची चिकलठाणा वसाहत आहे. चिकलठाण्याच्या गाळ्यांमधून काम करणारा कामगार, लेथ चालविणारा कारागीर आणि दोन-तीन यंत्रांवर उद्योग उभा करणारा लघुउद्योजक यांच्या जीवनाशी या परिसराचा निकटचा संबंध आहे. पश्चिमेस वाळूज आणि पूर्वेस शेंद्रा या दोन मोठ्या औद्योगिक केंद्रांच्या मध्ये हा परिसर येतो.

गेल्या दोन दशकांत या उद्योगांचा व्यवहार कागदावरून पडद्यावर आला. मागणीपत्र, चलन, बिल, तपासणी अहवाल, करविवरण आणि बँकेचे कर्ज या सर्वांना आता डिजिटल रूप आहे. या बदलाकडे सर्वसाधारणपणे यंत्रसामग्रीचा किंवा कार्यक्षमतेचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखाची भूमिका थोडी वेगळी आहे. डिजिटलीकरण म्हणजे मुळात नोंद ठेवण्याची नवी रीत होय. आणि नोंद कोण करतो, ती कोणाकडे राहते व ती वाचण्याचा अधिकार कोणास आहे, यावर त्या नोंदीचा लाभ कोणास मिळणार हे ठरते. लघुउद्योगाच्या दृष्टीने हाच कळीचा प्रश्न आहे.

२. लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) पुरवठा साखळीच्या डिजिटलीकरणातील मूलभूत संकल्पना स्पष्ट करणे.
२) मागणी, दर्जा, कर आणि पैसा या चार अंगांनी माहितीचा प्रवाह कसा चालतो ते समजून घेणे.
३) या प्रवाहातून निर्माण होणारी नवी व्यवसाय-प्रारूपे आणि विदेच्या मालकीचा प्रश्न यांची चर्चा करणे.
४) वाणिज्य, अर्थशास्त्र व अभियांत्रिकी विषयांच्या अध्यापकांसाठी काही सूचना मांडणे.

लेखाचे स्वरूप विवेचनात्मक आहे. त्यासाठी कायद्यांतील तरतुदी आणि उद्योगक्षेत्राविषयी सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेली माहिती यांचा आधार घेतला आहे. लेखातील गणिती उदाहरणे तत्त्व स्पष्ट करण्यासाठी कल्पिलेली आहेत. ती कोणत्याही विशिष्ट उद्योगाची आकडेवारी नव्हे.

३. संज्ञांचे स्पष्टीकरण

'डेटा' या अर्थाने मराठीत 'विदा' हा शब्द रूढ होत आहे. विदा म्हणजे कच्ची नोंद. यंत्राने सकाळी अमुक वाजता एक सुटा भाग पूर्ण केला, ही विदा झाली. अशा हजार नोंदी एकत्र करून 'हे यंत्र दुपारच्या पाळीत अधिक वेळ बंद राहते' असा जो अर्थ काढला जातो, ती माहिती होय. त्या माहितीच्या आधारे पाळीची रचना बदलणे हा निर्णय झाला. विदा, माहिती आणि निर्णय हे तीन टप्पे वेगळे आहेत आणि ते एकाच व्यक्तीच्या हाती असतीलच असे नाही, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

तसेच 'संगणकीकरण' आणि 'डिजिटलीकरण' यांतही फरक करावा लागतो. वहीतील हिशेब टॅलीसारख्या प्रणालीत लिहिणे हे संगणकीकरण. येथे काम तेच राहते, साधन बदलते. मात्र खरेदीदाराची प्रणाली, पुरवठादाराची प्रणाली, शासनाची करप्रणाली आणि बँक ही एकमेकांशी जोडली जाऊन व्यवहाराची पद्धतच बदलते, तेव्हा त्यास डिजिटलीकरण म्हणणे योग्य ठरते.

४. परिसराची औद्योगिक पार्श्वभूमी

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि मुंबई-पुण्याबाहेर उद्योग नेण्याच्या धोरणातून मराठवाड्यात औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, ही या भागाच्या औद्योगिक इतिहासातील निर्णायक घटना होय. दुचाकी व तीनचाकी वाहनांस लागणारे सुटे भाग जवळच तयार व्हावेत, या गरजेतून पुरवठादारांचे जाळे विणले गेले. अॅल्युमिनियमच्या ओतीव भागांपासून सुरुवात करणारी एन्ड्युरन्स आणि प्लास्टिकच्या भागांपासून वाढलेली व्हेरॉक या कंपन्या येथूनच मोठ्या झाल्या. पुढे एन्ड्युरन्सच्या समभागांची नोंदणी २०१६ मध्ये, तर व्हेरॉकच्या समभागांची नोंदणी २०१८ मध्ये शेअर बाजारात झाली. शेंद्रा येथे स्कोडाच्या मोटारींचे उत्पादन २००१ मध्ये सुरू झाले. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या अंतर्गत शेंद्रा-बिडकीन येथे 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी विकसित होत असून तेथील ऑरिक हॉलचे उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये, तर बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. टोयोटा किर्लोस्कर व एथर एनर्जी या कंपन्यांनी या भागात प्रकल्प उभारण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले.

मोठ्या कारखान्यांच्या या नामावलीमागे एक दुसरी, कमी परिचित साखळी आहे. वाहन जुळविणारा कारखाना हा तिचा माथा. त्याला पूर्ण जुळणी पुरविणारा तो पहिल्या स्तराचा पुरवठादार. त्या जुळणीतील एखादा भाग यंत्रावर घडवून देणारा तो दुसऱ्या स्तराचा. त्या भागावर केवळ भोक पाडणे, कडा साफ करणे, मुलामा देणे अशी एखादीच प्रक्रिया मजुरीने करून देणारा तो जॉबवर्क करणारा कारागीर. चिकलठाणा परिसरातील अनेक लहान गाळे या शेवटच्या दोन पायऱ्यांवर उभे आहेत. याच वसाहतीतील इंडो-जर्मन टूल रूम ही संस्था डाय व साचे घडविण्याचे प्रशिक्षण देते, तर वाळूज येथील मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये लघुउद्योगांसाठी सामाईक सुविधा उपलब्ध आहेत, याचा येथे आवर्जून उल्लेख करावा लागेल.

५. मागणीच्या माहितीचा प्रवास

पुरवठा साखळीत माल खालून वर जातो, तर मागणीची माहिती वरून खाली येते. ही माहिती एकेक पायरी उतरताना विकृत होत जाते, हे जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले. पुढे १९९७ मध्ये हाऊ ली, पद्मनाभन व व्हांग यांनी या प्रक्रियेची कारणमीमांसा केली. मुठीजवळ चाबकास दिलेला लहान झटका टोकाशी मोठा होतो, त्याप्रमाणे माथ्यावरील मागणीतील लहान बदल साखळीच्या तळाशी मोठी उलथापालथ घडवितो. म्हणून यास 'चाबूक परिणाम' असे म्हणता येईल.

एक साधे उदाहरण घेऊ. वाहन कारखान्यास दर आठवड्यास १,००० सुटे भाग लागतात आणि साखळीतील प्रत्येक पुरवठादार एका आठवड्याच्या मागणीइतका साठा राखतो, असे मानू. एका आठवड्यात मागणी १,१०० झाली. पहिल्या स्तराचा पुरवठादार १,१०० भाग तर पुरवितोच. शिवाय आपला साठाही १,००० वरून १,१०० करण्यासाठी आणखी १०० मागवितो. त्याची मागणी १,२०० होते. यंत्रकाम करणारा दुसरा पुरवठादार याच न्यायाने १,२०० अधिक २०० म्हणजे १,४०० ओतीव नग मागवितो. ओतकाम करणारा १,४०० अधिक ४०० म्हणजे १,८०० नगांचा कच्चा माल उचलतो. माथ्यावर मागणी केवळ १० टक्क्यांनी वाढली, तर तळाशी ती ८० टक्क्यांनी वाढली.

पुढच्याच आठवड्यात मागणी पुन्हा १,००० वर आली, तर हीच प्रक्रिया उलट चालते. पहिला पुरवठादार आपला साठा १०० ने कमी करून केवळ ९०० मागवितो. दुसरा साठा ३०० ने घटवून ६०० मागवितो. ओतकाम करणाऱ्यास मागणी ६०० ची आणि साठा मात्र १,४०० चा. त्याला त्या आठवड्यात कच्चा माल घेण्याचे कारणच उरत नाही. या आकड्यांत कोणाचीही चूक नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाचाच निर्णय घेतला. दोष इतकाच की प्रत्येकास फक्त आपल्या वरच्या पायरीची मागणी दिसत होती, माथ्यावरील खरी मागणी दिसत नव्हती.

जपानमधील टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी विकसित केलेली कानबान पद्धत हे या प्रश्नाचे कागदी उत्तर होते. माल जितका वापरला गेला तितकीच चिठ्ठी मागे जाते आणि तितकाच माल पुढे येतो. डिजिटलीकरणाने हीच चिठ्ठी विजेच्या वेगाने पाठविता येऊ लागली. जुळणीच्या पट्ट्यावर वापरल्या गेलेल्या भागाची नोंद त्याच क्षणी साखळीच्या तळापर्यंत पोचली, तर वरील उदाहरणातील ओतकाम करणारा १,८०० ऐवजी जवळजवळ प्रत्यक्ष मागणीइतकाच माल घेईल.

परंतु व्यवहारात हा जोड बहुधा पहिल्या स्तरापर्यंतच पक्का असतो. पहिल्या स्तराच्या पुरवठादारास खरेदीदाराच्या पोर्टलवर शेड्यूल दिसते. तेथून खाली मात्र दूरध्वनी, व्हॉट्सअॅपवरील संदेश आणि तोंडी सूचना यांवर काम चालते. ज्याच्याकडे साठा पेलण्याची आर्थिक ताकद सर्वांत कमी, त्यालाच मागणीची माहिती सर्वांत उशिरा आणि सर्वांत विकृत स्वरूपात मिळते, ही या रचनेतील विसंगती होय.

६. दर्जाची नोंद आणि माग काढण्याची क्षमता

माहितीचा दुसरा प्रवाह दर्जाचा आहे. वाहनातील ब्रेकचा एखादा भाग सदोष आढळला, तर तो कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर, कोणत्या ओतीव घाण्यातून तयार झाला हे शोधता आले पाहिजे. तसे शोधता आले तर काही शे वाहने परत बोलवावी लागतात; न आल्यास त्या काळातील सर्वच वाहने संशयित ठरतात. म्हणूनच बारकोड, घाणा क्रमांक आणि तपासणीची मोजमापे यांची नोंद पुरवठादाराकडून मागितली जाते. औषधनिर्मितीतही हेच तत्त्व आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातील निवडक ३०० औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले. औषधनिर्मितीचे कारखाने असलेल्या चिकलठाणा वसाहतीस हा नियम परका नाही.

दर्जाची नोंद ही लघुउद्योगास संरक्षण देणारी ठरू शकते. नग नाकारला गेला की त्याचा खर्च डेबिट नोटद्वारे खालच्या पुरवठादाराच्या माथी पडतो. दोष ओतीव मालातच होता की यंत्रकामात, हा वाद अशा वेळी उभा राहतो. ज्या गाळ्यात प्रत्येक घाण्याची आवक-तपासणी नोंदलेली असते, तो गाळा आपली बाजू पुराव्यानिशी मांडू शकतो. ज्याच्याकडे नोंद नाही, त्याच्याकडे उत्तर नाही. यासाठी महागड्या प्रणालीची गरज नसते. तारीख, घाणा क्रमांक, मोजलेली मापे आणि मोजणाऱ्याचे नाव इतक्या रकान्यांचा साधा तक्ताही पुरेसा होतो.

७. करव्यवस्थेतून आलेले अनिवार्य डिजिटलीकरण

लघुउद्योगांच्या डिजिटलीकरणास सर्वांत मोठी चालना बाजारपेठेपेक्षा करव्यवस्थेने दिली, असे म्हणावे लागेल. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून अनिवार्य झाले. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या उद्योगांपासून सुरू झाली आणि ती टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढालीस लागू झाली. १ जानेवारी २०२२ पासून तर पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात बिल दाखविले असेल तरच खरेदीदारास त्यावरील कराची वजावट मिळते. परिणामी पुरवठादाराने विवरणपत्र वेळेवर भरणे हा खरेदीदाराच्याही हिताचा विषय झाला. पूर्वी पुरवठादाराची निवड दर, दर्जा व वेळ या तीन निकषांवर होत असे. त्यात करपालनाच्या शिस्तीची चौथी कसोटी जोडली गेली.

येथे एका बारकाव्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. जॉबवर्क करणाऱ्या कारागिराकडे येणारा माल त्याच्या मालकीचा नसतो. मूळ उद्योग तो चलनावर पाठवितो आणि कायद्यानुसार एक वर्षाच्या आत तो परत यावा लागतो. कारागिराचे उत्पन्न म्हणजे केवळ मजुरी. करकायद्याच्या दृष्टीने ही सेवा असल्यामुळे वार्षिक २० लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीस नोंदणीची सक्ती नाही. याचा अर्थ असा की वर्षाकाठी मोठ्या किमतीचा माल हाताळणारा कुशल कारागीरही करप्रणालीच्या नोंदीत एक तर अत्यल्प उलाढालीचा दिसतो किंवा मुळीच दिसत नाही. त्याच्या हातून गेलेला माल दिसतो, पण तो मूळ उद्योगाच्या खात्यावर. ज्या व्यवस्थेत पत ही विदेवरून ठरते, तेथे अशी अदृश्यता महाग पडते. अशा अनौपचारिक सूक्ष्म उद्योगांना नोंदणीत आणण्यासाठी केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये उद्यम असिस्ट हे व्यासपीठ सुरू केले; तथापि नोंदणी म्हणजे केवळ प्रवेशद्वार होय, कामाचा इतिहास तयार होणे ही त्यापुढील पायरी आहे.

८. बिलापासून पैशापर्यंत

लघुउद्योगाचा खरा प्रश्न बहुतेक वेळा नफ्यापेक्षा रोखतेचा असतो. माल गेला, बिल झाले, परंतु पैसा आला नाही. दरम्यान पगार, वीजबिल आणि कच्चा माल यांना थांबता येत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत, परंतु कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे. करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज देय होते. वित्त अधिनियम २०२३ ने प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती करून, मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदारास प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळेल, अशी तरतूद केली. ती कर-निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची, हा यातील मर्मस्थानाचा मुद्दा आहे. कायद्यानुसार माल प्रत्यक्ष मिळाल्याचा दिवस हा स्वीकृतीचा दिवस होय; मात्र खरेदीदाराने १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर झाल्याचा दिवस धरला जातो. म्हणजेच प्रवेशद्वारावरील आवक नोंद व तपासणी अहवालाची तारीख या दोन गोष्टींवर कायद्याचे संपूर्ण संरक्षण अवलंबून आहे, आणि त्या दोन्ही नोंदी सर्वसाधारणपणे खरेदीदाराच्या प्रणालीत असतात. पुरवठादाराकडे ई-वे बिल, ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक आणि पोच असलेले चलन यांची सुसंगत संचिका असेल, तर त्याला स्वतःचा स्वतंत्र पुरावा उपलब्ध होतो. डिजिटलीकरणाचा लघुउद्योगास होणारा हा सर्वांत प्रत्यक्ष लाभ म्हटला पाहिजे.

याच दिशेने पुढचे पाऊल म्हणजे 'ट्रेड्स' ही बिलवटणावळीची व्यवस्था. तिची मार्गदर्शक तत्त्वे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर केली आणि २०१७ पासून प्रत्यक्ष कामकाज सुरू झाले. खरेदीदाराने बिल मान्य केले की बँका व वित्तसंस्था त्या बिलावर बोली लावतात, पुरवठादारास रक्कम लगेच मिळते आणि मुदत संपल्यावर खरेदीदार वित्तसंस्थेस पैसे देतो. खरेदीदाराने पैसे बुडविल्यास पुरवठादारावर परत दावा केला जात नाही. वार्षिक २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या व्यासपीठावर नोंदणी करणे नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने बंधनकारक झाले. पूर्वी ही मर्यादा ५०० कोटींची होती.

लाभाचे स्वरूप उदाहरणाने स्पष्ट होईल. ५ लाख रुपयांचे बिल ४५ दिवसांनी मिळणार आहे असे समजू. वार्षिक ९ टक्के दराने ते वटविल्यास खर्च सुमारे ५,५४८ रुपये येतो. हीच रक्कम खाजगी सावकाराकडून दरमहा २ टक्क्यांनी घेतल्यास दीड महिन्याचे व्याज १५,००० रुपये होते. दोहोंतील फरक सुमारे ९,४५० रुपयांचा. येथे व्याजदर पुरवठादाराच्या नव्हे, तर खरेदीदाराच्या पतीवरून ठरतो, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य आहे. तथापि नोंदणीची सक्ती म्हणजे बिल तत्काळ मान्य करण्याची सक्ती नव्हे. खरेदीदाराने पडद्यावरील मान्यतेची कळ दाबली नाही, तर ही संपूर्ण यंत्रणा जागच्या जागी थांबते. शिवाय दुसऱ्या व तिसऱ्या स्तराच्या पुरवठादाराचा खरेदीदार स्वतःच लघुउद्योग असल्यास ही सक्ती त्याच्यापर्यंत पोचतही नाही.

९. व्यवसायाची नवी प्रारूपे

विदेच्या उपलब्धतेमुळे उत्पन्न मिळविण्याच्या पद्धतीही बदलत आहेत. त्यांपैकी तीन प्रारूपे या परिसराच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले, यंत्राच्या तासांची विक्री. सीएनसी यंत्र किती तास मोकळे आहे याची खात्रीलायक नोंद असेल, तर गाळामालक सुट्या भागाऐवजी आपल्या यंत्राची मोकळी क्षमता विकू शकतो. अनेक गाळ्यांची मोकळी क्षमता एकत्र करून मोठे काम घेणारे मध्यस्थ व्यासपीठही यातून उभे राहू शकते. दुसरे, वापरानुसार शुल्क. यंत्र किंवा हवेचा काँप्रेसर विकत घेण्याऐवजी तो जितका चालला तितके पैसे देणे, हे मापकाच्या अचूक नोंदीमुळेच शक्य होते. तिसरे, पुराव्यासह माल. युरोपीय संघाच्या सीमा-कार्बन नियमानुसार पोलाद व अॅल्युमिनियमसह काही वस्तूंच्या निर्मितीतील कार्बन उत्सर्जनाची माहिती देण्याची आवश्यकता ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यामुळे निर्यातदाराकडून विजेच्या वापराची नोंद खालच्या पुरवठादाराकडेही मागितली जाऊ शकते. जो अशी नोंद देईल, तो केवळ सुटा भाग विकणार नाही. त्याबरोबर विश्वासार्हताही विकेल.

विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या संदर्भात हा मुद्दा अधिक गंभीर होतो. इंजिनाशी निगडित अनेक भाग अशा वाहनांत लागतच नाहीत. एकाच भागाच्या यंत्रकामावर अवलंबून असलेल्या गाळ्यास आपले काम कोणत्या वाहनात जाते आणि त्या वाहनाची मागणी कोणत्या दिशेने चालली आहे, हे आधी कळणे म्हणजे तग धरण्याची संधी होय. हीच माहिती आज त्याच्यापर्यंत पोचत नाही.

१०. विदेची मालकी : कळीचा प्रश्न

आता या विवेचनाच्या गाभ्याकडे वळू. समजा एका सुट्या भागाचा मजुरीदर एका नगास ६० सेकंद लागतात, असे गृहीत धरून ठरला आहे. गाळ्यातील कुशल कारागिराने फिक्स्चरची रचना सुधारून हाच वेळ ४८ सेकंदांवर आणला. तासाला ६० ऐवजी ७५ नग निघू लागले; उत्पादन २५ टक्क्यांनी वाढले. पूर्वी या कल्पकतेचे फळ गाळ्यालाच मिळत असे, कारण ती गाळ्याच्या चार भिंतींच्या आत राहत असे. आता यंत्रावर संवेदक बसविला आणि त्याची विदा खरेदीदाराच्या प्रणालीत जाऊ लागली, तर पुढच्या दरनिश्चितीच्या वेळी ४८ सेकंद हाच आधार धरला जाण्याची शक्यता निर्माण होते. मजुरीदर २० टक्क्यांनी खाली येतो आणि सुधारणेचा लाभ तिच्या कर्त्याकडून निघून जातो. असा अनुभव आल्यास कारागीर दुसऱ्यांदा सुधारणा करील काय, हा प्रश्न केवळ न्यायाचा नाही. तो संपूर्ण साखळीच्या भावी उत्पादकतेचा आहे.

खरेदीदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यालाही स्पर्धेत टिकावयाचे असते आणि पुरवठादाराची क्षमता पारखल्याशिवाय त्याला वेळेवर माल मिळण्याची शाश्वती नसते. म्हणून विदा देऊच नये, हा उपाय नव्हे. कोणती विदा, कशासाठी आणि कोणत्या मोबदल्यात द्यावयाची, हे लेखी ठरणे हाच उपाय होय. नग किती तयार झाले व केव्हा निघतील हे सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक नगास किती सेकंद लागले हे सांगणे आवश्यक असेलच असे नाही. आणि ते सांगावयाचे असल्यास सुधारणेतून होणाऱ्या बचतीची वाटणी आधी ठरली पाहिजे.

या प्रश्नावर आपल्या कायद्यात अद्याप पुरेसे उत्तर नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ हा व्यक्तीच्या विदेचे रक्षण करतो. कामगाराची हजेरी वा अंगठ्याचा ठसा त्याच्या कक्षेत येईल, परंतु यंत्राच्या वेगाची नोंद येणार नाही. बिगर-वैयक्तिक विदेसंबंधी क्रिस गोपालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये समिती नेमण्यात आली आणि तिचा अहवाल २०२० मध्ये चर्चेसाठी प्रसिद्ध झाला. तथापि त्यातून लघुउद्योगास आधार देणारा कायदा आकारास आला नाही. याउलट युरोपीय संघाचा विदा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून जोडलेल्या यंत्रातून निर्माण होणारी विदा मिळविण्याचा अधिकार तो यंत्र वापरणाऱ्यास देतो, तसेच विदेसंबंधी एकतर्फी लादलेल्या अन्यायकारक अटींना आळा घालतो. जर्मनीतील वाहन उद्योगाने २०२१ मध्ये उभारलेल्या 'कॅटेना-एक्स' या व्यवस्थेतही विदा एका ठिकाणी गोळा न करता तिच्या धन्याकडेच ठेवून, ठरलेल्या कारणापुरती देवाणघेवाण करण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. कायद्याची वाट न पाहता करारातून आणि संघटनेतून हेच तत्त्व येथेही आणता येण्यासारखे आहे. चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड अॅग्रिकल्चर अर्थात सीएमआयए आणि लघुउद्योजकांची मसिआ या संघटनांनी विदेसंबंधीच्या कलमांचा एक आदर्श नमुना तयार केल्यास एकट्या गाळामालकास जे मागता येत नाही, ते समूहाने मागता येईल.

११. महाविद्यालयांची भूमिका

वरील विवेचनाच्या अनुषंगाने पुढील सूचना मांडाव्याशा वाटतात.

१) वाणिज्य शाखेत ई-इन्व्हॉइस, ट्रेड्स व ४५ दिवसांची तरतूद हे विषय केवळ कलमे म्हणून न शिकविता एका बिलाचा आरंभापासून पैसे मिळेपर्यंतचा प्रवास या स्वरूपात शिकवावेत.
२) अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून लहान गाळ्यासाठी आवक-तपासणीचा व यंत्र-वेळेचा मराठीतील साधा नोंदतक्ता तयार करून द्यावा. मात्र त्यातील विदा गाळामालकाकडेच राहील, अशी त्याची रचना असावी.
३) अर्थशास्त्र विभागांनी जॉबवर्क करणाऱ्या कारागिरांची पत, रोखता व नोंदणी यांचे क्षेत्रीय अभ्यास हाती घ्यावेत.
४) विधी महाविद्यालयांनी विदेसंबंधीच्या करारांचे वाचन व मसुदा यावर लघुउद्योजकांसाठी मार्गदर्शन वर्ग घ्यावेत.

आपल्या वर्गांत बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी कोणी ना कोणी याच वसाहतींत पाळीवर जाते. त्यांना हा विषय पाठ्यपुस्तकापेक्षा घरून अधिक ठाऊक असतो. त्या अनुभवास संकल्पनांची जोड देणे हे अध्यापकाचे काम आहे.

१२. समारोप

थोडक्यात सांगावयाचे तर, पुरवठा साखळीच्या डिजिटलीकरणाने लघुउद्योगासमोर एकाच वेळी संधी व जोखीम उभी केली आहे. मागणीची खरी माहिती तळापर्यंत पोचली तर साठ्याचा भार हलका होतो; दर्जाची नोंद असेल तर अन्यायकारक वजातीस उत्तर देता येते; बिलाची स्वतंत्र नोंद असेल तर कायद्याचे संरक्षण प्रत्यक्षात मिळते. परंतु यंत्राच्या नोंदी फक्त वर जात राहिल्या आणि मागणीची माहिती व पैसा खाली येण्यास विलंब होत राहिला, तर याच साधनांनी दुर्बल घटक अधिक दुर्बल होईल. मुकुंदवाडी-चिकलठाण्याच्या गाळ्यांत कौशल्याची उणीव नाही. त्या कौशल्याची नोंद व्हावी, आणि त्या नोंदीवर तिच्या कर्त्याचाही अधिकार असावा, एवढीच रास्त अपेक्षा या विवेचनातून व्यक्त करावीशी वाटते.